धर्माच्या गाईचे दात

'धर्माची गाय अन् दात का नाय' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजायला बसू नये, एवढाच तिचा अर्थ. सार्वजनिक आरोग्यासाठी दूर कुठेतरी बसून, एक पैसाही न घेता, डिझायनर मंडळींनी केलेल्या चित्रांबद्दल मराठीत समीक्षा म्हणावी असे काही माझ्या वाचनात नाही, त्याचे कारण या म्हणीत असावे. फुकट मिळाले, चांगल्या हेतूने मिळाले, संकटाच्या वेळी मिळाले. मग त्यावर बोट ठेवणार कोण?

पण 2020 आणि 2021 या दोन वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी कविता-कथांपेक्षा असली चित्रेच जास्त वाचली. सकाळी फोन उघडला की व्हॉट्सअॅपवर हात धुण्याचे चित्र, दुपारी मास्कचे, संध्याकाळी लशीचे. त्यांत मजकूर होता, वाक्ये होती, क्रियापदे होती, कोणीतरी कोणाला तरी उद्देशून बोलत होते. ज्या मजकुरावर वाचकाचा जीव अवलंबून असू शकतो, तो मजकूर वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून दात मोजावेत असे ठरवले.

या सगळ्या उद्योगाला एक मोठे निमंत्रण मिळाले ते मार्च 2020च्या अखेरीस. संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या कलावंतांना खुले आवाहन केले. सहा विषय दिले होते: वैयक्तिक स्वच्छता, शारीरिक अंतर, लक्षणांची ओळख, माणुसकीचा प्रसार, गैरसमजांचे निराकरण आणि मदतीचे आवाहन. काही आठवड्यांत हजारो कामे जमा झाली. घरात अडकलेला, हातची कामे बंद पडलेला एखादा डिझायनर लिस्बनमध्ये बसून लागोसच्या माणसासाठी चित्र काढू लागला. हे दृश्य मला आजही सुंदर वाटते. पण संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत इंग्रजी आहे, चिनी आहे, अरबी आहे. भारतीय भाषा एकही नाही. म्हणजे आपल्याकडे येणारे चित्र आधी दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत विचार करूनच येणार. त्यात गैर काही नाही, भाषांतर हा आपला जुना धंदा आहे. अडचण अशी की या चित्रांत भाषांतर होते ते फक्त शब्दांचे. वाक्याची बैठक जिथल्या तिथे राहते.

हे नीट सांगायला हवे, कारण माझा सगळा वाद इथेच आहे.

इंग्रजीत मनाई करायची असेल तर नकार आधी येतो. 'करू नका' या अर्थाचे दोन शब्द वाक्याच्या तोंडाशी असतात, आणि काय करायचे नाही ते मागून येते. म्हणून इंग्रजी पोस्टरचा साचा ठरलेला: पहिली ओळ मोठी, जाड, लाल. तिथेच नकार. खाली लहान अक्षरांत बाकीचे. डोळा पहिल्या ओळीवर पडतो आणि थबकतो. आता हाच साचा घेऊन त्यात मराठी वाक्य ओता. 'मास्कला हात लावू नका.' मराठीचा नकार शेवटी येतो. तेव्हा पहिल्या, मोठ्या, लाल ओळीत काय येते? 'मास्कला हात'. दुसऱ्या ओळीत, लहान अक्षरांत, 'लावू नका'. जागा कमीच असेल तर 'लावू' दुसऱ्या ओळीत आणि 'नका' एकटे तिसऱ्या ओळीत, कोपऱ्यातल्या साबणाच्या बाटलीला टेकून. लांबून पाहणाऱ्याला नेमकी मनाईच दिसत नाही.

ही एकट्या मराठीची गोष्ट नाही, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना ते सांगायचीही गरज नाही. मलयाळममधले 'तोडरुत्', कन्नडमधले 'मुट्टबेडि', तमिळमधले 'तोडादीर्गळ्' या सगळ्यांत नकार क्रियापदाच्या शेपटीला चिकटलेला आहे. गुजरातीतही 'अडशो नहीं'. हिंदीत 'न छुएँ' म्हणताना नकार क्रियापदाच्या अलीकडे येतो, पण तोही वाक्याच्या शेवटाकडेच. देशातल्या एवढ्या भाषांना ज्या जागी सगळ्यात मोठे अक्षर हवे, तिथे आयात साच्यात सगळ्यात लहान अक्षर असते. हा दोष भाषांतरकाराचा म्हणता येत नाही. त्याने शब्द अचूक दिले. डिझायनरचाही म्हणवत नाही. त्याला ती लिपी म्हणजे वेलबुट्टी. दोष कामाच्या क्रमाचा आहे: चित्र आधी, भाषा नंतर. भाषेसाठी चौकोन सोडून ठेवायचे आणि मग कोणीतरी ते भरायचे.

लशीच्या दिवसांत, 2021मध्ये, मी अशा काही चित्रांचा मराठी मजकूर तपासून देत असे. काम फोनवरून आणि मेलवरून चाले. संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. एका चित्रावर हा मजकूर होता: 'लस घेतल्यावर ताप / आला तर घाबरू / नका'. ओळी अशा तुटल्या होत्या, कारण चौकोनाची रुंदी तेवढीच होती. मधली ओळ सुटी वाचून पाहावी. ज्या माणसाला लशीची आधीच धास्ती आहे आणि जो अक्षर लावून लावून वाचतो, त्याला ही ओळ काय सांगेल? त्या मालिकेची डिझायनर कोचीची होती. तिला देवनागरी वाचता येत नव्हती. ओळी कुठे तोडायच्या हे मी लिहून कळवल्यावर तिने उलट विचारले, 'मजकूर मोठ्याने वाचून पाठवाल का?' मी आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला. श्वास कुठे थांबतो हे ऐकून तिने जागा आखली. 'लस घेतल्यावर / ताप आला तर / घाबरू नका'. शेवटची ओळ सगळ्यात मोठी झाली आणि चित्रातली बाई, जी आधी वर होती, ती खाली त्या ओळीशेजारी येऊन बसली. चित्र पालटले ते भाषेमुळे. कवितेत ओळ कुठे तुटावी यावर आपण चर्चासत्रे घेतो. इथे तोच प्रश्न एका मुलीने अनोळखी भाषेत कानाने सोडवला.

दूर बसून काम करणे हाच मुळात दोष, असे मी म्हणत नाही ते या अनुभवामुळे. कोची आणि बडोदा यांत अंतर होते. ते तिने ऐकून कमी केले. साच्याला कान नसतो.

लिपीचे हाल हा याच गोष्टीचा पुढचा भाग. चित्रे करण्याच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी पडायची ती नंतर पडते, जोडाक्षरे सुटतात, हलन्त उघडे पडतात. 'विषाणू'ची वेलांटी 'ष'च्या अंगावर जाते. देवनागरी न वाचणाऱ्याला यात काही बिघडले आहे हे कळायचा मार्गच नाही. त्याच्या नजरेला दोन्ही रूपे सारखीच देखणी. मराठीचे म्हणून आणखी दोन-तीन त्रास आहेत. 'कर्मचाऱ्यांना' या शब्दातला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र गळून रफार येतो आणि 'कर्मचार्यांना' असे काहीतरी तयार होते. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला ही क्षुल्लक बाब वाटणार नाही. तसेच ल आणि श. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हे हिंदीच्या वळणापेक्षा वेगळे. महाराष्ट्र शासनाच्या 2009च्या निर्णयातही त्यांचा आग्रह आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे फाइलला सांगावे लागते. ते कोणी सांगत नाही. मग 'लस' या दोन अक्षरी शब्दाचे पहिलेच अक्षर परक्या वळणाचे येते. वाचता येते, अर्थ कळतो. पण हे पत्रक आपल्यासाठी कोणी लिहिलेले नाही, दुसरीकडून फिरत फिरत आपल्या दारी आले आहे, हेही कळते. आरोग्याच्या बाबतीत ही परकेपणाची जाणीव महाग पडते. ज्याचा विश्वास डळमळीत आहे त्याला बहाणा पुरतो.

मराठीला तरी हे समजावून सांगावे लागू नये. कमल शेडगे यांनी आयुष्यभर नाटकांच्या नावांची अक्षरे रेखाटली; नाटक गंभीर आहे की फार्स, हे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या अक्षरावरून कळत असे. र. कृ. जोशी कवी होते आणि विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्टही त्यांचाच. अक्षराला आवाज असतो हे आपल्याकडे लोकांना ठाऊक होते. देवनागरीचे चांगले फॉन्ट आता फुकट मिळतात, त्यांतले काही मुंबईतच घडले आहेत. अडते ते साधनांवर नाही.

आता शब्दांकडे. 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द आला तेव्हा त्याचे मराठी झाले 'सामाजिक अंतर'. हिंदीत 'सामाजिक दूरी', कन्नडमध्ये 'सामाजिक अंतर', मलयाळममध्ये 'सामूहिक अकलम्', तमिळमध्ये 'समूग इडैवेळि'. शब्दकोशाच्या दृष्टीने सगळे बरोबर. पण ज्या देशात विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, वर्गातल्या बसण्यात सामाजिक अंतराचा हजारो वर्षांचा सराव आहे, तिथे हा शब्द नव्या रोगासाठी वापरणे म्हणजे जुन्या रोगाला औषधाचे नाव देणे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द बरा असे म्हणायला सुरुवात केली होती, तीही वेगळ्याच कारणाने: माणसांनी मनाने दूर जाऊ नये म्हणून. आपल्याकडे त्याहून सबळ कारण होते. तरी दुरून आलेल्या चित्रांत 'सामाजिक' बराच काळ टिकले, कारण ते चित्रातच रुतले होते. अनेक स्वयंसेवक काम पूर्ण झाले की सपाट चित्र पाठवतात, अक्षरेसुद्धा चित्र होऊन गेलेली. एक शब्द बदलायचा तर सगळे चित्र नव्याने काढावे लागते. दिल्लीच्या 'दो गज दूरी'ने निदान अंतर मोजून दाखवले, जरी उर्दूच्या वळणाच्या कानाला 'दो गज' म्हटल्यावर आधी कबरीची जागा आठवत असली तरी.

आणि 'घर'. 'घरी राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य इतक्या चित्रांवर होते की ते वाचायचे आपण सोडून दिले. चित्रात खिडकी, खिडकीत कुंडी, सोफा, सोफ्यावर पुस्तक वाचणारी आकृती, पायाशी मांजर. दुरून काढणाऱ्याने आपले घर काढले. त्याच्याजवळ दुसरे कोणते होते? धारावीत पहिला रुग्ण नोंदला गेला तो 1 एप्रिल 2020 रोजी. तिथल्या बहुतेकांचे घर म्हणजे एक खोली आणि शौचालय गल्लीच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून. 'स्वतंत्र खोलीत राहा' हे वाक्य तिथे कोणत्या व्याकरणात बसते? पण मला त्याहून बोचते ते दुसरेच. 24 मार्चला टाळेबंदी जाहीर झाली आणि लाखो माणसे चालू लागली, ती 'घरी' जाण्यासाठीच. त्यांच्या भाषेत घर म्हणजे गाव. मुंबईतली, सुरतेतली, जालन्यातली खोली हे घर नव्हे. ती राहण्याची जागा. 'घरी राहा' हे वाक्य त्यांनी अक्षरशः मानले असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण खोटे ठरणार नाही. 8 मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून निघाले होते. पोस्टरमुळे कोणी मेले असे मी म्हणत नाही. त्यांच्या हालांची कारणे पोस्टरपेक्षा फार मोठी होती. एका शब्दात दोन अर्थ आहेत हे ज्या चित्राला माहीत नाही, ते चित्र कोणाशी बोलत होते, एवढेच विचारतो.

क्रियापदाचे रूपही इथेच पाहायला हवे. इंग्रजीच्या आज्ञार्थाला वय नाही, नाते नाही. मराठीत 'धू', 'धुवा', 'धुवावेत', 'धुऊ या' या चारांत चार माणसे बोलतात: घरातले वडीलधारे, शेजारी, सरकारी कचेरी, बरोबरीचा सोबती. बहुतेक चित्रांनी 'धुवा' घेतले. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला सांगावे तसे. त्यात चूक नाही, पण जवळीकही नाही. आशाताई दारात येऊन 'काकू, आल्या आल्या हात धुतले का?' असे विचारते, तेव्हा आज्ञार्थ प्रश्नात विरघळलेला असतो. ते रूप पोस्टरवर आणता येत नाही असे नाही. आणायला कोणीतरी ते ऐकलेले असावे लागते.

एवढे दात मोजल्यावर चांगल्या गाईचेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा नुसती कुरकूर ठरेल. त्या काळातले दुरून केलेले सगळ्यात यशस्वी चित्र माझ्या मते एक टेकडी आहे. खरे तर दोन टेकड्या: एक उंच निमुळती, एक बसकी पसरट, आणि मध्ये आडवी रेघ. रुग्ण किती आणि इस्पितळे पेलू शकतील किती. याची वंशावळ रंजक आहे. मूळ आकृती अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या 2007च्या मार्गदर्शिकेतली. फेब्रुवारी 2020मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये रोझमंड पिअर्स यांनी ती नव्याने रेखाटली. फिलाडेल्फियाच्या ड्रू हॅरिस यांनी तिच्यात इस्पितळांच्या क्षमतेची तुटक रेघ घातली, आणि या एका रेघेने आलेखाचे कथानक झाले. मार्चमध्ये न्यूझीलंडच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सूझी वाइल्स आणि व्यंगचित्रकार टोबी मॉरिस यांनी तिला हलते रूप दिले: बेफिकीर वृत्ती आणि सावध वृत्ती आलटून पालटून येतात, तशी टेकडी चढते आणि बसते. आकडा एकही नाही. ते चित्र त्यांनी खुल्या परवान्याने सोडले; नाव द्या, बदला, पुढे तशाच खुलेपणाने वाटा. म्हणून ते अनेक भाषांत गेले.

चार हातांतून गेलेले, कोणा एकाचे नसलेले हे चित्र ओवीसारखे वाढले म्हणायला हरकत नाही. पण दात आहेतच. दोन टेकड्यांतली रेघ स्थिर दाखवली आहे, जणू खाटांची संख्या निसर्गाने ठरवलेली. नंदुरबारमधली रेघ आणि पुण्यातली रेघ एका उंचीवर नसते, आणि ती वर उचलता येते, हे चित्र सुचवत नाही. सगळा भार टेकडीवर, म्हणजे माणसांच्या वागण्यावर टाकते. मराठीत तर ही प्रतिमा रुजलीच नाही. 'वक्ररेषा सपाट करा' असे म्हटले की वक्रदृष्टी आठवते, वाकड्यात शिरणे आठवते. आरोग्य आठवत नाही. टिकला तो 'लाट' हा शब्द. पहिली लाट, दुसरी लाट. लाट येते आणि जाते, आपण काठावर उभे असतो. टेकडी बसकी करणे हे माणसाचे काम होते. लाटेला कोण काय करणार? एका शब्दाने कर्तेपण हातातून काढून घेतले. हे घडवून आणणारा कोणी दूरस्थ डिझायनर नव्हता, आपण होतो. वर्तमानपत्रे होती, सरकार होते. एप्रिल 2021मधल्या निर्बंधांना महाराष्ट्र सरकारने 'ब्रेक द चेन' असे इंग्रजी नाव दिले, वर्षभर आधी केरळने आपल्या मोहिमेला दिले होते तेच. 'साखळी तोडा' म्हणायला काय अडचण होती, देव जाणे.

जवळून केलेल्या कामाचा नमुना म्हणून लाल त्रिकोण आठवावा. 1960च्या दशकात कुटुंब नियोजन खात्यातले अधिकारी दीप त्यागी यांनी रुजवलेले ते चिन्ह: उलटा लाल त्रिकोण, आणि आई, बाप, मुलगा, मुलगी यांचे चार गोल चेहरे. पोस्टर म्हणून त्यात बघण्यासारखे फारसे काही नाही. पण गावातल्या पेंटरला एक डबा लाल आणि एक डबा काळा रंग दिला की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर ते तासाभरात उतरते, आणि बिघडले तरी ओळखू येते. कोणतीही लिपी खाली लिहा, चित्राला धक्का लागत नाही. आजच्या चित्रांतल्या रंगांच्या छटा आणि सावल्या त्या पेंटरच्या ब्रशमधून उतरणार नाहीत. ती फोनसाठी जन्मली आणि फोनवरच संपली. अर्थात लाल त्रिकोणाचे पुढे काय झाले तेही विसरून चालणार नाही. त्यागी 1969मध्येच वारले. आणीबाणीत त्याच चिन्हाखाली सक्तीच्या नसबंदीची शिबिरे भरली. चिन्ह उत्तम असले म्हणजे ते वापरणारा हात चांगला असतो असे नाही.

त्यागी पगारी नोकर होते हेही लक्षात घ्यायला हवे. 1930च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी कलायोजनेत क्षयरोगापासून गुप्तरोगांपर्यंत पोस्टरे करणाऱ्या चित्रकारांनाही वेतन मिळे. पगार देणारा 'हे नको, पुन्हा करा' म्हणू शकतो. भेट देणाऱ्याला तसे म्हणता येत नाही, आणि स्वयंसेवी कामाची खरी मेख ही आहे. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या मेलमध्ये एक सुबक फाइल येऊन पडते. नाकारली तर कृतघ्नपणा, बदलली तर उद्धटपणा. तो ती पुढे ढकलून मोकळा होतो. काढणाऱ्याच्या संग्रहात चित्र जाते, त्यावर त्याचे नाव असते. मजकूर मराठीत आणणाऱ्याचे नाव कुठेच नसते. तोही फुकटच काम करत होता.

'इंडियन सायंटिस्ट्स रिस्पॉन्स टू कोविड-19' या नावाने मार्च 2020मध्ये जमलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाचे काम मला म्हणून महत्त्वाचे वाटते. सगळे स्वयंसेवक, सगळे आपापल्या गावी अडकलेले, म्हणजे तितकेच दूरस्थ. त्यांनी अफवा खोडून काढणारी चित्रपत्रके अनेक भारतीय भाषांत केली: वर दावा, खाली उत्तर, अशी सरळ मांडणी. डोळे दिपवणारे त्यात काही नव्हते. पण प्रत्येक भाषेतला मजकूर त्या भाषेत राहणाऱ्या, शिवाय विषय समजणाऱ्या माणसांच्या हातून जात होता. भाषा शेवटी भरायचा चौकोन नव्हती, ती त्या पत्रकाचे अंग होती. नुसते देखणे चित्र आणि हे पत्रक यांत निवडायचे झाले तर मी पत्रक निवडीन, आणि देखण्या चित्रकाराला त्या गटात जाऊन बसायला सांगेन.

विकिमीडियाच्या खुल्या संग्रहात दुसरी एक वाट आहे. तिथल्या काही आकृत्यांत अक्षरे चित्रात रुतवलेली नसतात; ती मजकूर म्हणूनच राहतात, आणि 2019पासून तिथे असे एक साधन आहे की मूळ आकृतीला हात न लावता प्रत्येक भाषेचा मजकूर तिच्यात घालता येतो. फुफ्फुसाची आकृती एक, खालची नावे पन्नास भाषांत. मर्यादा उघड आहे: जागा अजून मूळ भाषेनेच आखलेली असते, 'नका' अजून खालीच पडतो. पण फाइल उघडी आहे. चौकोन रुंद करता येतो, ओळ हलवता येते, आणि कोणी काय बदलले याची नोंद नावासकट राहते. मराठीचा रकाना रिकामा दिसला तर तो भरायला इंदूरच्या किंवा बेळगावच्या माणसाला कोणाची परवानगी लागत नाही. आणि त्याने 'घरी' लिहिलेले खटकले तर जालन्यातला कोणी ते खोडून 'जिथे आहात तिथे' असे लिहू शकतो.